स्टेंट, शेक आणि लघवीतून रक्त: मूत्रवाहिनी व धमनी यांच्यात फिस्टुला झाला तर काय करायचं

गर्भाशयमुखाचा, मूत्राशयाचा किंवा गुदाशयाचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, त्यावर लाईटचा शेक (रेडिएशन) घेतला आणि पुढे किडनीला सूज आली म्हणून मूत्रवाहिनीत डीजे स्टेंट, म्हणजे लघवी मूत्राशयात उतरवणारी नळी, टाकला. अशी माणसं सांगली-सातारा भागात गावोगावी आहेत. ऑपरेशन मुंबईच्या टाटात, शेक मिरजेत किंवा कोल्हापुरात, आणि स्टेंट बदलायला कराड नाहीतर सांगली. तीन गावांचे तीन डॉक्टर, तीन फायली. या माणसांपैकी कुणाची लघवी लाल झाली की घरात पहिला शब्द निघतो तो ‘उन्हाळी लागली’. धने-जिऱ्याचं पाणी सुरू होतं, सब्जा भिजत पडतो. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं. पण ऑपरेशन, शेक आणि स्टेंट या तिन्ही गोष्टी एकाच शरीरात असतील तर आणखी एका कारणाचा विचार पहिल्याच दिवशी व्हायला हवा: मूत्रवाहिनी आणि तिच्या मागून जाणारी मोठी धमनी यांच्यामध्ये भोक पडलेलं असणं. यालाच फिस्टुला म्हणतात.

हा आजार दुर्मीळ आहे. १९०८ साली मॉश्कोविट्झ या शल्यचिकित्सकानं त्याचं पहिलं वर्णन केलं. तेव्हापासून आजवर जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेलेले रुग्ण काही शेकड्यांतच मोजता येतात. कित्येक युरॉलॉजिस्टना, म्हणजे मूत्रविकारतज्ज्ञांना, आयुष्यभरात असा एकही रुग्ण दिसत नाही. म्हणूनच तो पटकन कुणाच्या डोक्यात येत नाही आणि वेळ जातो. हा लेख घरच्यांसाठी आहे, आणि गावातल्या ज्या डॉक्टरांकडे असा रुग्ण सगळ्यांत आधी पोचतो त्यांच्यासाठीही.

आत नेमकं काय होतं

किडनीतून निघालेली मूत्रवाहिनी साधारण २५ ते ३० सेंटिमीटर लांब असते. मूत्राशयाकडे जाताना ती ओटीपोटाच्या कडेवर पायाकडे जाणाऱ्या इलियाक धमनीला अगदी चिकटून ओलांडते. निरोगी माणसात दोघींच्या मध्ये मऊ चरबी असते आणि मूत्रवाहिनी सहज हलती असते.

कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये गाठी काढताना याच भागातली चरबी आणि लसीकाग्रंथी साफ कराव्या लागतात. तसं केलं नाही तर ऑपरेशन अपुरं राहतं, त्यामुळे यात कुणाचा दोष नसतो. पण त्यात मूत्रवाहिनीला आणि धमनीच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या कमी होतात. शेकानं उरलेला भाग कडक होतो आणि मूत्रवाहिनी धमनीला चिकटते. मग आतून स्टेंटची कडक नळी आणि बाहेरून धमनीचा ठोका. मिनिटाला बहात्तर धरले तरी दिवसाला लाखावर ठोके. आधीच रक्तपुरवठा कमी झालेली भिंत दोन्हीकडून दाबली जाते, झिजते आणि एक दिवस तिला भोक पडतं. मूत्रमार्गात जंतुसंसर्ग असेल तर हे आणखी लवकर होतं. ऑपरेशननंतर काही महिन्यांत होऊ शकतं आणि कित्येक वर्षांनीही होऊ शकतं. त्यामुळे ‘ऑपरेशनला आता दहा वर्षं झाली’ या बोलण्यावर निर्धास्त होऊ नये.

मूत्राशय काढून आतड्याच्या तुकड्यावर मूत्रवाहिन्या जोडलेल्या आणि पोटावर पिशवी लावलेल्या रुग्णांनाही हा धोका असतो. इलियाक धमनीवर आधी बायपास किंवा ग्राफ्ट झालेल्यांनाही असतो. त्यांच्यात अनेकदा शेक झालेला नसतो, तरी होतं.

फसगत होते ती पुढच्या गोष्टीमुळे. पहिला रक्तस्राव बहुधा आपोआप थांबतो. भोकापाशी रक्ताची गुठळी बसते किंवा स्टेंटच तिथं बुचासारखा बसलेला असतो. लघवी परत पिवळी होते, घरच्यांना हायसं वाटतं, ॲडमिट केलेला रुग्ण सुट्टी घेऊन घरी येतो. काही तासांनी किंवा काही आठवड्यांनी पुन्हा रक्त येतं, आणि या खेपेला ते थांबेलच असं नसतं.

पायरी पहिली: रक्त येण्याआधीच करायची तयारी

तुमच्या घरात असा रुग्ण असेल तर हे आजच करा. सगळ्या फायली, डिस्चार्ज कार्डं आणि शेकाचा कागद एका जागी आणा. बऱ्याच घरांत शेकाचा कागद सापडत नाही, कारण तो वेगळ्या दवाखान्यातून मिळालेला असतो. नसेल तर त्या दवाखान्यात जाऊन डुप्लिकेट मागा, देतात. मग एका कार्डावर ठळक अक्षरांत लिहा. नमुना असा:

‘रक्तगट: बी पॉझिटिव्ह. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं ऑपरेशन अमुक साली, अमुक रुग्णालयात. त्यानंतर ओटीपोटाला शेक, अमुक साली. डाव्या मूत्रवाहिनीत डीजे स्टेंट अमुक सालापासून, दर तीन महिन्यांनी बदलतो, शेवटचा अमुक तारखेला. रक्त पातळ करायची गोळी: चालू / नाही. शेवटचं क्रिएटिनीन (किडनीची रक्ततपासणी): अमुक. लघवीतून रक्त आल्यास मूत्रवाहिनी आणि इलियाक धमनी यांच्यातल्या फिस्टुलाची शक्यता धरावी. तयारी नसताना स्टेंट काढू नये.’

हे कार्ड आईच्या पर्समध्ये किंवा वडिलांच्या पाकिटात ठेवा. फोटो मुलाच्या, सुनेच्या, जावयाच्या मोबाइलमध्ये हवा. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत उभा असलेला तरुण डॉक्टर जाडजूड फाइल चाळत बसू शकत नाही. चार ओळी मात्र वाचतो.

शेवटचं वाक्य आपल्या युरॉलॉजिस्टना दाखवून मगच लिहा. त्या निमित्तानं त्यांच्याशी या विषयावर बोलणंही होतं.

पायरी दुसरी: कोणतं रक्त साधं, कोणतं नाही

स्टेंट असलेल्या माणसाची लघवी अधूनमधून गुलाबी होतेच. एस.टी.नं खडखडत प्रवास केला, शेतात वाकून काम केलं की स्टेंट आत घासतो आणि रंग बदलतो. भरपूर पाणी प्यायल्यावर आणि विश्रांती घेतल्यावर एक-दोन दिवसांत तो निवळतो. स्टेंट बदलल्यावरही दोन-तीन दिवस फिकट लालसर लघवी होते. यानं घाबरून जायचं कारण नाही. तरी पुढच्या भेटीत सांगायचंच.

पुढचं काही दिसलं तर मात्र थांबायचं नाही:

लालभडक, ताजं रक्त, विशेषतः अचानक सुरू झालेलं. लांबट, गांडुळासारख्या गुठळ्या. मूत्रवाहिनीच्या नळीतून साचा घेऊन आल्यामुळे त्यांना तो आकार येतो, म्हणजे रक्त मूत्राशयाच्या वरून येतंय. ज्या बाजूला स्टेंट आहे त्याच बाजूच्या कमरेत किंवा कुशीत कळ. रक्त आलं, थांबलं आणि काही दिवसांनी परत आलं. हिमोग्लोबिन प्रत्येक तपासणीत खाली चाललंय आणि कारण सापडत नाही. पोटावरच्या पिशवीत किंवा पाठीतल्या पीसीएनच्या (पाठीतून थेट किडनीत घातलेल्या नळीच्या) बॅगमध्ये लाल रक्त.

रंग बघायचा तर संडासच्या भांड्यात बघू नका, पाण्यात मिसळून सगळंच गुलाबी दिसतं. पारदर्शक बाटलीत किंवा पांढऱ्या मगात लघवी घ्या, उजेडात धरा, मोबाइलवर फोटो काढा आणि वेळ लिहा. दोन तासांनी पुन्हा. असे तीन-चार फोटो ओळीनं दाखवले की रक्तस्राव वाढतोय की कमी होतोय हे डॉक्टरांना एका नजरेत कळतं. तुम्ही तोंडी कितीही वर्णन केलं तरी त्यातून इतकं कळत नाही.

अशा रुग्णात शेकामुळे मूत्राशयाला येणारी सूज, जंतुसंसर्ग, खडा, कॅन्सर परत येणं ही कारणंही असतात आणि ती फिस्टुलापेक्षा कितीतरी जास्त वेळा सापडतात. म्हणून प्रत्येक लाल लघवी म्हणजे धमनीच फुटली असं नाही. माझं म्हणणं एवढंच की शक्यतांच्या यादीत हे नाव असलं पाहिजे, आणि ते रुग्णालयात गेल्यावर पुसलं गेलं पाहिजे, घरी बसून नाही.

पायरी तिसरी: रक्त सुरू झाल्यावर घरी

रुग्णाला आडवं झोपवा. चक्कर, दरदरून घाम, हातपाय गार, डोळ्यांपुढे अंधारी, नाडी जोरात, यांतलं काही असलं तर पाय थोडे उंच करा आणि लगेच १०८ ला फोन लावा. खायला-प्यायला देऊ नका, पोचल्यावर प्रोसिजर करावी लागू शकते.

स्टेंटला बाहेर दोरा असेल तर तो ओढायचा नाही. नळीत गुठळी अडकून लघवी तुंबली, कळ येतेय, म्हणून गावातल्या कुणाकडून स्टेंट किंवा पीसीएनची नळी काढून घ्यायची नाही. ती नळी भोकाला आतून दाबून धरत असू शकते.

रक्त पातळ करायच्या गोळीचा पुढचा डोस कुणाला विचारल्याशिवाय देऊ नका. पण हृदयात स्टेंट असेल, झडप बदललेली असेल तर ती आपल्या मनानं कायमची बंदही करू नका. पोचल्यावर पहिल्या दोन मिनिटांत हे डॉक्टरांना सांगा.

गावातल्या डॉक्टरांना एक विनंती. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडचं इंजेक्शन देऊन ‘उद्या बघू’ म्हणू नका. या रुग्णात रक्त थांबलं म्हणजे भोक बुजलं असं होत नाही. जाड सुईच्या दोन आयव्ही लाइन लावा, बीपी आणि नाडी चिठ्ठीवर लिहा, आणि सोनोग्राफीसाठी न अडवता पुढं पाठवा. सोनोग्राफीत किडनीची सूज आणि गुठळी दिसेल, भोक दिसणार नाही.

पायरी चौथी: कुठं न्यायचं

जत, आटपाडी, माण, खटाव या बाजूंनी निघालेल्या माणसाचे सांगली-मिरज किंवा सातारा-कराड गाठेपर्यंत दीड-दोन तास सहज जातात. म्हणून चुकीच्या दारात पोचणं परवडत नाही. निघता निघता फोनवर चार प्रश्न विचारा: युरॉलॉजिस्ट आहेत का? कॅथलॅब (धमनीत तार घालून तपासणी-उपचार करायची खोली) चालू आहे का, आणि तिथं हृदयाव्यतिरिक्त पायाच्या-पोटाच्या धमन्यांचं काम करणारे डॉक्टर म्हणजे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट किंवा व्हॅस्क्युलर सर्जन येतात का? रक्तपेढी आवारात आहे का? आयसीयूत बेड आहे का?

कॅथलॅब आहे म्हटल्यावर पुरेसं आहे असं धरू नका. अनेक ठिकाणी तिथं फक्त हृदयाचं काम चालतं. नुसती अँजिओग्राफी करून पुढं पाठवायची वेळ आली तर मधले तास वाया जातात.

रुग्णाची तब्येत ढासळत असेल तर मात्र हे गणित बाजूला ठेवा. सगळ्यांत जवळच्या ठिकाणी, मग ते उपजिल्हा रुग्णालय असो, साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय असो किंवा सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, आधी रक्त चढवून घ्या, बीपी सावरा आणि मग पुढं न्या. सोबत रक्त देऊ शकतील असे दोघे-तिघे नातेवाईक घ्या. रक्तपेढीत बदली रक्तदाते मागतात.

पायरी पाचवी: कॅज्युअल्टीत काय बोलायचं

‘लघवीतून रक्त येतंय’ एवढंच सांगितलं तर केस मूतखडा किंवा इन्फेक्शनच्या रांगेत लागते. असं बोला: ‘डॉक्टर, आईचं ओटीपोटाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, शेक झालाय, डाव्या बाजूला दोन वर्षं डीजे स्टेंट आहे आणि आज लाल रक्त येतंय. मूत्रवाहिनी आणि धमनी यांच्यात फिस्टुला असू शकतो का, हे बघाल का?’ कार्ड पुढं करा. यात डॉक्टरांना शिकवण्यासारखं काही नाही. चांगल्या डॉक्टरला ही माहिती मिळाली की बरंच वाटतं.

मग सहसा सीटी अँजिओग्राफी, म्हणजे डाय देऊन काढलेला रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन, होते. त्याआधी क्रिएटिनीन तपासतात, कारण शिरेतून द्यायच्या डायचा किडनीवर ताण येतो. पण रक्तस्राव जोरात असेल तर क्रिएटिनीनच्या रिपोर्टची वाट पाहत बसत नाहीत. या तपासणीबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची: सीटी अँजिओग्राफी नॉर्मल आली म्हणजे फिस्टुला नाही, असं अजिबात नाही. ज्या रुग्णांत पुढं फिस्टुला सिद्ध झाला त्यांच्यातल्या जवळजवळ निम्म्यांत किंवा त्याहून अधिकांत सीटीवर तो दिसलेला नव्हता. त्या क्षणी भोकावर गुठळी बसलेली असते, डाय बाहेर झिरपतच नाही. मांडीतून तार घालून केलेली नेहमीची अँजिओग्राफी अधिक भरवशाची, पण तीही प्रत्येक वेळी पकडत नाही. म्हणून अनुभवी टीम धमनीत तार आणि फुगा तयार ठेवून, मूत्रवाहिनीतही तार ठेवून, स्टेंट हळूच मागे घेते आणि पुन्हा डाय सोडते. रक्त आलं तर फुगा फुगवून तिथंच थांबवता येतं. हे धाडसाचं वाटतं, पण सगळी तयारी असलेल्या टेबलावर केलेलं हे काम त्यामानानं सुरक्षित असतं. हेच तयारी नसताना घडलं तर माणूस दगावतो.

तेव्हा ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, घरी जा’ असं सांगितलं आणि रक्त मात्र पुन्हा पुन्हा येत असेल, तर शांतपणे दुसरं मत मागा. तो तुमचा हक्क आहे. सीटीची फिल्म आणि सीडी दोन्ही मागून घ्या, नुसता टाइप केलेला रिपोर्ट पुरत नाही. दुसऱ्या रेडिओलॉजिस्टला मूत्रवाहिनी जिथं धमनी ओलांडते ती जागा स्वतः बघायची असते.

पायरी सहावी: उपचार

आज पहिली पसंती कव्हर्ड स्टेंटला, म्हणजे कापडासारख्या पडद्यानं झाकलेल्या धातूच्या जाळीला आहे. मांडीतल्या धमनीतून ती वर नेऊन भोकाच्या जागी उघडतात. रक्त जाळीच्या आतून पायाकडे जातं आणि भोक बाहेरच्या बाजूला बंद राहतं. भोक धमनीच्या दुभाजकाजवळ असेल तर ओटीपोटाकडे जाणारी आतली फांदी कॉइल घालून बंद करावी लागते, नाहीतर उलटं येणारं रक्त झिरपत राहतं. त्यानंतर काही जणांचं चालताना त्या बाजूचं ढुंगण दुखतं. पुष्कळांचं हळूहळू कमी होतं.

अडचण येते ती सामानाची. इलियाक धमनीला साधारण ८ ते १० मिलिमीटरचा कव्हर्ड स्टेंट लागतो आणि योग्य मापाचा स्टेंट प्रत्येक कॅथलॅबच्या कपाटात असतोच असं नाही. कोल्हापूर किंवा पुण्याहून मागवावा लागला तर तोवर फुग्यानं धमनी दाबून ठेवतात. ‘स्टेंट उपलब्ध आहे की मागवायचा?’ हा प्रश्न संमतिपत्रावर सही करतानाच विचारा.

पू झालेला असेल, धमनीचा भाग फार खराब असेल किंवा जाळी बसत नसेल तर ऑपरेशन करून धमनी बांधतात. पायाचा रक्तपुरवठा टिकावा म्हणून दुसऱ्या मांडीतून या मांडीत कृत्रिम नळीचा बायपास देतात. शेक झालेल्या पोटात हे ऑपरेशन फार अवघड असतं.

मूत्रवाहिनीचं काय, हा प्रश्न मागाहून येतो आणि बऱ्याचदा अर्धवट राहतो. जुना स्टेंट काढून पाठीतून पीसीएन घालावं, म्हणजे कडक नळी परत त्याच जागी घासत राहणार नाही, असा कल असतो. कायमची नळी नको म्हणून घरचे लोक ‘आतलाच स्टेंट परत टाका’ असा आग्रह धरतात. मला तो आग्रह समजतो, कारण पाठीत नळी घेऊन झोपणं, आंघोळ करणं, लग्नकार्याला जाणं सगळं अवघड होतं. तरीही स्टेंट त्याच जागी परत का घालायचा आणि पीसीएन का नको, याचं स्पष्ट उत्तर युरॉलॉजिस्टकडून घेतल्याशिवाय होकार देऊ नका. त्या बाजूची किडनी काम करत नसेल तर मूत्रवाहिनी बंद करणं किंवा किडनी काढणं हाही पर्याय असतो.

स्टेंट बदलण्याच्या दिवशी

ज्यांना अजून काही झालेलं नाही त्यांच्यासाठी हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा आहे. या फिस्टुलाचा मोठा रक्तस्राव बऱ्याच वेळा स्टेंट बदलतानाच होतो. आत दाबून बसलेली जुनी नळी निघाली की धमनीचं रक्त थेट मूत्राशयात येतं.

म्हणून मधल्या तीन महिन्यांत एकदा जरी लाल रक्त आलं असेल, ते आपोआप थांबलेलं असलं तरी, तारीख घेतानाच सांगा. ऐन ऑपरेशन थिएटरच्या दारात सांगू नका. अशा वेळी स्टेंट बदलणं छोट्या नर्सिंग होममध्ये न करता कॅथलॅब आणि रक्तपेढी असलेल्या ठिकाणी करावं. दोन पिशव्या रक्त जुळवून ठेवावं. जुन्या स्टेंटमधून तार घालून मगच तो काढावा, म्हणजे रक्त उसळलं तर त्याच तारेवरून लगेच दुसरी नळी किंवा फुगा सरकवता येतो. खर्च वाढतो, एखादा दिवस जास्त लागतो. पण शेक झालेल्या आणि आधी रक्त येऊन गेलेल्या रुग्णात हे सगळं करायलाच हवं.

पैसे आणि पुढची वर्षं

कव्हर्ड स्टेंट महाग असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नोंदणी असलेल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रुग्ण आत गेल्याबरोबर एकानं रेशनकार्ड आणि आधार घेऊन थेट त्यांच्याकडे जावं. तातडीच्या केसमध्ये आधी उपचार आणि मंजुरी मागाहून असं करता येतं का, आणि धमनीतला स्टेंट कोणत्या पॅकेजमध्ये बसतो, हे दोन्ही त्याच वेळी विचारावं. डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग होत नाही.

जाळी बसवल्यावर ॲस्पिरिनसारखी गोळी आणि ठराविक काळ अँटिबायोटिक लागतात. ‘रक्त आलं होतं, मग रक्त पातळ करायची गोळी कशाला?’ असं म्हणून अनेक जण गोळी सोडतात. ती गोळी जाळीत गुठळी होऊ नये म्हणून असते. बंद करायची तर डॉक्टरांना विचारून. पाय गार पडला, पांढरा पडला, चालताना पोटरी दुखायला लागली तर जाळी बंद झाल्याची शंका घ्यावी. थंडी वाजून ताप आला, जांघेत दुखायला लागलं तर जाळीला जंतुसंसर्ग झाला असू शकतो. दोन्ही वेळा ज्या ठिकाणी जाळी बसवली तिथंच त्याच दिवशी जावं.

रक्तस्राव परत होऊ शकतो, कधी काही आठवड्यांत, कधी वर्षांनी. दोन्ही बाजूंना स्टेंट असतील तर दुसऱ्या बाजूलाही होऊ शकतो. म्हणून जाळीची जागा, माप आणि तारीख कार्डावर लिहून घ्या. सीटी किंवा डॉप्लर कधी करायचं याची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा, आणि पीसीएनची नळी असेल तर ती बदलण्याची तारीखही तिथंच लिहून घ्या.